लांब नाक पुढे

ढोकी. गुरुवार, १२ डिसेंबर. सायंकाळ.

नात ज्योती हिने महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचे डिझेल इंजिन केले आहे. मालगाड्यांसाठी परदेशातून जे प्रथम आले व मी चालविले, त्या घडणीचे. चालकाची खोली एका टोकाजवळ; एकीकडे आखूड नाक, दुसरीकडे लांब. तिने समोर ठेवलेल्या इंजिनाच्या नकाशात आखूड नाक पुढे आहे. मी सांगितले की, आम्ही लांब नाकच पुढे ठेवीत असू. वाफेच्या इंजिनात बॉयलर पुढे असे; तीच सवय. चालक डावीकडे बसे, त्यामुळे लांब नाकाआड उजवी बाजू झाकली जाई.

"मग उजवीकडचं दिसायचं कसं वो, आबा?"

"माझा सहायक बसप्पा सांगत असे. तो 'तांबडा' म्हणाला की मी ब्रेक लावीत असे."

"म्हंजी अर्धी गाडी बसप्पाआजोबांनीच चालवली की!"

ती हसली. मला राग आला. का यावा? त्या लांब नाकाच्या उजवीकडचा एकही सिग्नल मी स्वतः पाहिलेला नाही. तरीही माझ्या निवृत्तीच्या सत्कारात मी बसप्पाचे नाव घेतले नाही. तो समोरच बसला होता.

इंजिनाच्या पाटीवर चालक म्हणून तिने केवळ माझे नाव लिहिले होते. आताच तिला बोलावून बसप्पाचेही लिहावयास सांगितले. माझ्या नावाखाली, मात्र अक्षरे तेवढीच मोठी.