सुतक धरायचं का

मंगळवार, संध्याकाळ. इस्लामपूर.

सांगलीच्या दवाखान्यात सही करून आले. मुक्ता टेस्ट ट्यूबनं झाली, तेव्हाचे दोन गर्भ तिथं अजून गोठवून ठेवले होते. ते संशोधनाला दिले. हे फौजेत, लांब. फोनवर म्हणाले, "तुला पटेल तसं कर." मला काय पटलं, कुणास ठाऊक.

सासूबाईंनी विचारलं, "अभ्यास झाल्यावर काय करत्यात त्यांचं?"

"नष्ट करतात."

त्या म्हणाल्या, "मग सुतक धरायचं का गं?"

"आवं आत्या, डोळ्यालासुद्धा नीट दिसत नाहीत ते. कसलं सुतक?"

"मुक्ताबी तवा तेवढीच हुती की."

रडू आलं नाही. भाकरी थापत राहिले.

दिवेलागणीला त्या देव्हाऱ्यापुढं बसल्या. सुतकात आमच्याकडं देवाला दिवा लावत नाहीत. वात तेलात भिजवून, काडेपेटी हातात धरून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. 'लावा' एवढंच म्हणायचं होतं मला. का नाही म्हणाले?

शेवटी त्यांनी काडेपेटी खाली ठेवली.

आत्ता मुक्ता विचारत होती, आज देवाला दिवा का नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला इचार."