डाव्या हाताचा माऊस

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

माऊस आजही उलटाच. डावं बटण दाबलं की उजव्याचं काम. तासभर सेटिंग शोधत चिडलो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, बिघडला नाही तो. आईनं डाव्या हातासाठी बटणं बदलली होती. सरळ करून देऊ काय?"

बायकोला जाऊन महिना झाला नाही, आणि ती डावखुरी होती हेच विसरलो?

बासष्ट साली, लग्नानंतर तिनं पहिल्यांदा वाढलं ते डाव्या हातानं. माझ्या आईनं त्या हातावर पळी हाणली. "डाव्यानं वाढून राहिली? लाज नाही काय तुले?" अमरावतीत समतेवर भाषण ठोकून आलेला मी मुकाट जेवलो. पुढे जन्मभर तिनं उजव्यानंच वाढलं.

"राहू दे तसाच," मुलीला म्हणालो. माऊस डाव्या हातात घेतला. हात अडखळतो. वाढताना तिचा उजवाही असाच अडखळला असेल. तेव्हा मी ताटाकडे पाहत होतो.