प्रार्थनेच्या वेळी कुलपात राहणाऱ्या मुलांना दार मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

अर्जदार : पालिकेचा सुतार, दुरुस्ती विभाग (सेवा अठ्ठावीस वर्षे)

विषय : शाळेच्या सभागृहातील पार्टिशन सोमवारपूर्वी जसेच्या तसे पुन्हा बसवण्याचा आदेश, आणि मागच्या भागाला बाहेर जाण्याचे दार मिळण्याची विनंती.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ११. २) आपला आदेश, दि. १२.

महोदय,

वरील दोन्ही कागद मला एकाच लिफाफ्यात मिळाले. पहिल्यात पार्टिशन का फोडले असे विचारले आहे, दुसऱ्यात तेच पुन्हा बसवायला सांगितले आहे. दोन्हींचे उत्तर या एका अर्जात देतो. माझा हात रंध्यावर बसलेला आहे, लेखणीवर नाही. एखादा शब्द खरबरीत राहिला तर सांभाळून घ्यावे.

१. पालिकेची शाळा बंद पडल्यावर तिथली मुले प्रार्थनामंदिर संस्थेच्या खासगी शाळेत गेली. त्यांना जागा पुरावी म्हणून पालिकेने त्या शाळेला सभागृहाचा मागचा अर्धा भाग देणगी म्हणून बांधून दिला. जिथे रोज सकाळी प्रार्थना होते तिथे सर्वांच्या कराचा पैसा का, अशी हरकत काही नागरिकांनी घेतली. ती मला तेव्हाही रास्त वाटली, आजही वाटते. माझी बायको त्याच मंदिरात जाते, तिलाही पटली. "देवाला कशाला हवी पालिकेची देणगी," असे ती म्हणाली.

२. त्यावर वकिलांच्या सल्ल्याने तोडगा निघाला. प्रार्थनेची वीस मिनिटे सभागृहात मधोमध घडीचे लाकडी पार्टिशन बंद करायचे. पुढे संस्थेच्या भागात प्रार्थना, मागे पालिकेच्या भागात अभ्यास. ज्यांच्या पालकांनी प्रार्थना नको असे लिहून दिले आहे ती सव्वीस मुले आणि एक बाई मागे बसतात. बाहेर जायचे दार पुढच्या भागात आहे. मागे तीन खिडक्या आहेत, तिन्हींना गज.

पार्टिशन मी केले. नकाशात दार नव्हते, म्हणून मी ठेवले नाही. इथे माझी चूक कबूल करतो. आम्हा सुतारांची रीत अशी की शेवटची फळी बाहेरून ठोकायची आणि निघायचे. त्यामुळे ते बंद असताना मी आतल्या बाजूला एकदाही उभा राहिलो नाही. राहिलो असतो तर त्याच दिवशी बोललो असतो.

३. पहिल्याच आठवड्यात मागची एक लहान मुलगी प्रार्थना चालू असताना फटीतून पुढे गेली. बुटाची नाडी सुटली होती आणि बांधून देणारी ताई पुढे बसली होती. हरकतदारांनी तिचा फोटो काढला. आपल्या कार्यालयाने तो 'सीमाभंग' ठरवला आणि पार्टिशनला कुलूप लावण्याचा हुकूम काढला. चावी माझ्याकडे दिली. रोज सकाळी कुलूप लावून वीस मिनिटे पायरीवर बसायचे, हे काम मी दोन महिने केले. मनाला पटत नव्हते, तरी केले. याची मला लाज वाटते.

४. दि. ९ रोजी प्रार्थना सुरू होऊन पाचेक मिनिटे झाली असतील. मागच्या भागातल्या स्विचबोर्डमधून धूर निघाला. बाईंची हाक मी पायरीवर ऐकली : "काका, कुलूप काढा! पोरं गुदमरतायत!" मी पायातल्या बुटांसकट प्रार्थनेतून धावलो. कुलूप निघाले, पण पार्टिशन उघडेना. प्रार्थनेची जागा अडू नये म्हणून घडी आतल्या बाजूला उघडेल अशी केली होती, आणि आतून सव्वीस मुले तिच्यावरच रेटून उभी होती. मागे सरा म्हणून मी ओरडलो. धुराकडे कोण सरणार? शेवटी संस्थेचा एक बाक उचलला आणि दोन फळ्या फोडल्या. बाकाचे दुसरे टोक प्रार्थना सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी धरले होते. मुले त्या भोकातून निघाली. एक बेशुद्ध होते, ते आता बरे आहे. बाई सर्वांत शेवटी आल्या.

त्या सव्वीसांत माझे नातवंड नाही. कार्यालयात तशी कुजबूज आहे म्हणून मुद्दाम लिहितो. माझे असते तर कुलूप मी पहिल्याच दिवशी फेकून दिले असते, आणि हीच गोष्ट मला झोपू देत नाही.

५. नोटिशीतले तीन आरोप : पालिकेच्या मालमत्तेचे नुकसान केले, प्रार्थना नको असलेल्या मुलांना प्रार्थना चालू असताना प्रार्थनास्थळी आणले, संस्थेचा बाक परवानगीविना पालिकेच्या कामी वापरला. तिन्ही खरे आहेत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

६. मागच्या भिंतीला दार पाडून द्या, असे मी दि. ९ च्याच दुपारी बांधकाम विभागाला सांगितले. मागचे अंगण संस्थेचे आहे. पालिकेने तिकडे दार उघडले तर ती संस्थेला आणखी एक देणगी होईल, असे उत्तर मिळाले. संस्थेकडे गेलो. पालिकेचे दार आमच्या अंगणात उघडले तर उद्या पालिका अंगणावर हक्क सांगेल, असे ते म्हणाले. धर्म आणि कारभार वेगळे ठेवायला निघालेली दोन्ही कार्यालये दार नको यावर मात्र एक झाली.

७. तेव्हा माझे म्हणणे असे. नवे पार्टिशन तयार आहे. आदेशाप्रमाणे रविवारी ते बिनदाराचे बसवतो. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मुलांना मैदानात न्यावे आणि मागच्या भागात आपण स्वतः बसावे. कुलूप मी लावीन. वीस मिनिटांनी बाहेर येऊन 'ठीक आहे' एवढे आपण सहीनिशी लिहून द्यावे. मग मी पुन्हा तोंड उघडणार नाही आणि शिक्षाही निमूट घेईन. आपण येणार नसाल तर मंगळवारपासून कुलूप लावायला दुसरा माणूस बघावा.

आतले बाक सात-आठ वर्षांच्या मुलांचे आहेत, आपल्याला त्यांत बसता येणार नाही. आपली कार्यालयातली खुर्ची मी दोनदा दुरुस्त केली आहे, त्यामुळे माप मला पाठ आहे. त्या मापाची एक खुर्ची करून आत ठेवली आहे.

आपला नम्र, आणि सोमवारपर्यंत आज्ञाधारक,

(सही)
पालिकेचा सुतार
दि. १४

सोबत : १) बाईंचा जबाब, हाताने लिहिलेला (धुराने गेलेला आवाज अजून परत आलेला नाही). २) दाराचा नकाशा.