वहिनीचा दुसरा साक्षीदार

रेम्बांग,
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय दादा,

सलाम. आईचा खोकला कमी झाल्याचं कळलं. तूही समुद्रावरून सुखरूप परतला असशील. माझं बरं चाललंय. शाळेने नोकरी आणखी एक वर्ष वाढवली.

एक प्रश्न आधीच लिहून टाकते. ज्या भावाने स्वतःची शाळा सोडून बहिणीला पदवीपर्यंत शिकवलं, त्याच्याविरुद्ध तिने तोंड उघडावं का? मी रोज चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देते. याचं उत्तर मला येत नाही.

ईदला घरी आले नाही म्हणून आई फोनवर म्हणाली, "भावाच्या घामावर शिकलीस, आता भावालाच शिकवायला निघालीस का?"

खरं तर मी गावात येऊन गेले होते. घरी मात्र आले नाही. सरपंच कार्सोनोकाका भेटले. म्हणाले, "तुझ्या भावाला हल्ली मासे फार बोलावतात गं. कोर्टाचा कागद आला की हमखास!" कोर्टाचा कागद आला त्या दोन्ही वेळा तू मागच्या दाराने बोटीवर गेलास. आपण हजर झालो नाही की वहिनीचा खटला अडतो, असं तुला वाटतं. दादा, तो अडत नाही. तुझ्याशिवाय चालतो.

तू निंग्रुमवहिनीच्या माहेरी जाऊन फाटकातून ओरडलास म्हणे, "केस पिकेपर्यंत बस अशीच. मी तलाक देणार नाही." लग्नाच्या नोंदीची दोन्ही पुस्तकं, तुझं आणि तिचं, तू लपवलीस. तिने नोंदणी कचेरीतून नक्कल काढली. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची शपथ आठवते? मी पंधरा वर्षांची होते. निकाहानंतर तू ती वाचताना अडखळलास, तेव्हा मामा ओरडले, "मोठ्याने वाच, बायकोला ऐकू येऊ दे!" सगळा मांडव हसला. शपथ अशी होती: बायकोला मारलं, किंवा तीन महिने पोसलं नाही, तर ती कोर्टात दाद मागेल, आणि कोर्टाला पटलं तर तलाक पडेल. खाली सही तुझीच आहे.

पण पटवायला दोन साक्षीदार लागतात. वहिनीकडे एकच होती, तिची मावशी. शेजारच्या सार्पीबाई आधी हो म्हणाल्या, मग फिरल्या. मला म्हणाल्या, "मला तुझ्या भावाच्याच बाजारात मासे विकायचेत, पोरी. तू शिकलेली आहेस, तू का नाही जात?"

दादा, गेल्या वर्षीच्या रमजानमध्ये वहिनीचं मनगट मोडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तू तिला मारताना मी ऐकलं. नंतर तिला दवाखान्यात मीच नेलं. नर्सने विचारलं, कसं झालं? वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "विहिरीवर पाय घसरला."

तू मला असं सांगायला सांगितलं नव्हतंस. ते खोटं माझं स्वतःचं होतं. नर्सने ते लिहून घेतलं. त्यानंतर आठवड्याने ती माहेरी गेली. मी मात्र पदवीच्या परीक्षेला बसले, पास झाले, आणि तू गावभर मिठाई वाटलीस.

तुझ्या उपकारांची मला आठवण आहे. मी त्यांचा विचार करत रात्र-रात्र जागले. पण ते तू माझ्यावर केलेस, वहिनीवर नाही. तिने त्यांची किंमत का चुकवावी?

आज सकाळी मी कोर्टात गेले. डोक्यावर कुराण धरून त्यांनी मला शपथ दिली. न्यायाधीशांनी विचारलं, "प्रतिवादी तुमचा कोण?" मी सांगितलं. मग जे ऐकलं ते सांगितलं, आणि दवाखान्यात मी खोटं बोलले, हेही. वहिनी मान खाली घालून बसली होती.

दुपारी तलाक मंजूर झाला.

कोर्टात जिने नातं लपवलं नाही, ती तुझी सख्खी बहीण,
प्रिहातिन