चार नंबर लेनची न लिहिलेली वेळ

प्रिय आत्या,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपली, सगळे बैठकीत टेकले आणि तुझ्या आठवणी निघाल्या. जो तो एकच सांगत होता, तुझा वक्तशीरपणा! म्हणे ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसचा ड्रायव्हर तुला स्टॉपवर बघून आपलं घड्याळ लावायचा. म्हणे कुकर चढवून तू आंघोळीला जायचीस आणि तिसऱ्या शिट्टीला बाहेर यायचीस. बाबा तर डोळे पुसत म्हणाले, "माझ्या बहिणीचा जन्मात एक सेकंद चुकला नाही."

मला हसू फुटलं. आईने डोळे वटारले, बाबांना वाईट वाटलं असेल. पण काय करू? तुझा सेकंद चुकला होता, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. एक कसला, चांगले पंधरा-वीस चुकले होते! आपण दोघींनी ते घरी कधी सांगितलंच नाही. काल मलाही सगळ्यांसमोर सांगवेना. म्हणून आज तुलाच लिहितेय. तुला तर सगळं ठाऊक आहे. तरी ऐक.

दिल्लीतल्या पहाडगंजच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आपण नोएडाला आलो ते वर्ष आठवतं? सेक्टरमध्ये निम्मी घरं अर्धवट, रस्त्याला दिवे नाहीत, नळाला सकाळी तासभर पाणी. बादल्या, पातेली, अगदी चहाचे कपसुद्धा भरून ठेवायचो. आणि तीन सेक्टर पलीकडच्या माझ्या नव्या इंग्रजी शाळेत काय होतं? पंचवीस मीटर लांब, काठोकाठ भरलेला निळा तलाव! पहिल्या दिवशी तो बघून तू म्हणालीस, "अगं, एवढ्या पाण्यात आपला अख्खा ब्लॉक महिनाभर आंघोळ करेल." आणि लगेच दुसरं वाक्य, "तू नाव दे."

मी नाव दिलं. आई मात्र अडली. तेरा वर्षांची मुलगी आणि पोहण्याचा कॉस्च्यूम? शेवटी तिने त्याला दोन वीत झालर शिवली, तेव्हा परवानगी मिळाली. पाण्यात उतरल्याबरोबर ती झालर छत्रीसारखी फुगली आणि मी जागच्या जागी तरंगायला लागले! तू ती उसवलीस. आईला म्हणालीस, "वहिनी, ती पोहायला जातेय, हळदीकुंकवाला नाही." मग आईने दुसरा उपाय काढला. क्लोरिनने केस जातील म्हणून डोक्यावर वाटीभर खोबरेल. रावत सर, आमचे फौजेतून आलेले पोहण्याचे सर, पाण्यावरचा तवंग बघून ओरडले, "ओ केतकी! पूल में तड़का किसने लगाया?"

तुला स्वतःला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातसुद्धा तू कधी उतरली नव्हतीस. तरी माझी खरी कोच तूच. तू दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात स्टेनो. ऑफिसच्या लायब्ररीतून पोहण्यावरचं इंग्रजी पुस्तक आणलंस आणि बसमध्ये बसून अख्खं पुस्तक शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलंस. ती रेघोट्यांची वही तुझ्याशिवाय कुणालाच वाचता यायची नाही. मग रोज संध्याकाळी मी दिवाणावर पालथी, तू वही घेऊन शेजारी. "कोपर वर! खांदा कानाला लाव. पाय कात्रीसारखे, सायकल चालवल्यासारखे नाही. एक, दोन, तीन, श्वास!" बाबा पेपरच्या आडून म्हणायचे, "गादीत बुडू नकोस हो."

तुझ्या बसमधल्या विणकाम करणाऱ्या, भाज्या निवडणाऱ्या त्या सगळ्या बायकांना माझी प्रगती तोंडपाठ होती. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तू मला ऑफिसला घेऊन गेलीस, तर कस्तुरबा गांधी मार्ग येईपर्यंत बस मलाच प्रश्न विचारत होती. "तो ये है बुआ की मछली? चालीस से नीचे आई कि नहीं?"

चाळीसच्या खाली! त्या वर्षी माझं सगळं जग त्या एका आकड्यात होतं. शाळेची रिलेची टीम झोनल स्पर्धेला जाणार होती. चार मुली हव्या होत्या, तीन ठरल्या होत्या. रावत सरांनी सांगून टाकलं होतं, मैत्रीपूर्ण सामन्यात जी पन्नास मीटर चाळीस सेकंदांच्या आत पोहेल, ती चौथी. सरावात माझे एक्केचाळीस व्हायचे, कधी साडेचाळीस. खाली काही येत नव्हते. मी जेवताना, अभ्यास करताना, शाळेच्या प्रार्थनेत, मनात चाळीसपर्यंत मोजायचे. तू मोजायचीस का गं? मला वाटतं मोजायचीस.

सामना शनिवारी होता. बाबांना फॅक्टरी, आईचं म्हणणं "मला नाही बघवणार तुला तशा कपड्यांत चारचौघांत." तू आलीस. आकाशी सुती साडी, पर्स, पाण्याची बाटली. शाळा नवी, माणसं कमी, म्हणून वेळ घ्यायला पालकांनाच उभं करत होते. प्रत्येक लेनला एक माणूस, एक स्टॉपवॉच. रावत सरांनी तुझ्या गळ्यात चार नंबर लेनचं घड्याळ घातलं. माझीच लेन!

तू लगेच म्हणालीस, "सर, मैं इसकी बुआ हूँ. मुझे दूसरी लेन दे दीजिए."

"अरे बहनजी," सर म्हणाले, "घड़ी को थोड़े ही पता है कौन किसकी बुआ है."

शिट्टी झाली. मी उडी मारली ती इतकी छान लागली की पोटाला चटकाच बसला नाही. पाणी गार होतं, आणि त्या दिवशी ते मला ढकलत नव्हतं, वाट देत होतं. पलीकडच्या भिंतीला पाय लावून वळले. शेजारच्या लेनमधली हरप्रीत, आमच्या शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी, माझ्यापुढे फक्त हातभर होती. हातभर! एरवी मला तिचे तळवेसुद्धा दिसायचे नाहीत. परत येताना मी मोजायचं विसरले. भिंतीला हात लावला आणि मला कळलं, झालं. चाळीसच्या आत झालं. आकडा ऐकायची गरजच नव्हती.

मी वर बघितलं. तू काठावर उभी होतीस, निऱ्या भिजलेल्या, दोन्ही हात हवेत, तोंड उघडं. आणि तुझ्या गळ्यातल्या घड्याळातले आकडे पळत होते. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न.

"लेन चार, टाइम?" रावत सर वही घेऊन आले.

तू खाली बघितलंस. बटन दाबलंस, उगीचच. मग म्हणालीस, "सर, मैंने बंद नहीं किया. मैं भूल गई."

पाच नंबरच्या लेनवाले मिशाळ काका, कुणाचे तरी वडील, तुझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "बहनजी, मेरी वाली अड़तीस में आई है. आपकी बिल्कुल पीछे थी. उनतालीस लिखवा दो. कौन देखता है?"

"भाईसाहब, मी..." तू मराठीतच सुरुवात केलीस, इतकी गडबडली होतीस. मग सावरून म्हणालीस, "जो घड़ी ने नहीं देखा, वो मैं कैसे लिखवाऊँ?"

त्या क्षणी मला तुझा किती राग आला! एक आकडा, आत्या. एकोणचाळीस. खरा आकडा. तुलाही माहीत होतं, मलाही, त्या मिशाळ काकांनाही. मी पाण्यातूनच ओरडले, "तू कशाला आलीस! कुणी बोलावलं होतं तुला?"

पूर्ण तलावात मराठी कळणाऱ्या आपण दोघीच. पण माझा आवाज सगळ्यांना कळला.

रावत सरांनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला. वीस मिनिटांनी मी पुन्हा पोहायचं, एकटीने. घड्याळ या वेळी स्वतः सरांकडे. मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून रडत होते. पोटऱ्यांत गोळे येत होते. तू दारात आलीस. मला वाटलं जवळ घेशील, समजूत काढशील. तू पाण्याची बाटली पुढे केलीस.

"चूक माझीच आहे," तू म्हणालीस. "रागव. खूप रागव. पण इथे बसून काय रागावतेस? पाण्यात जाऊन रागव."

"मला नाही जमणार परत. पाय दुखताहेत."

"मग दुखऱ्या पायांनी रागव. चल, ऊठ."

आणि मी उठले! अजून मला कळत नाही का उठले.

रिकामा तलाव आणि मी एकटी. काठावर दोनशे मुलं चिडीचूप. शिट्टी झाली आणि मी पाण्याला अक्षरशः मारत सुटले. प्रत्येक हात तुझ्यावरच्या रागाचा. वळून परत निघाले तेव्हा श्वास घेताना दिसलं, काठाकाठाने आकाशी साडी पळत होती. निऱ्या पोटरीपर्यंत उचललेल्या, चपला कुठे गेल्या कोण जाणे, आणि दिवाणाजवळचाच तो आवाज, "एक, दोन, तीन, श्वास! कोपर वर! एक, दोन, तीन!" मुलांना वाटलं ही काहीतरी घोषणा आहे. थोड्या वेळाने दोनशे पोरं तुझ्याबरोबर ओरडायला लागली, "एक, दोन, तीन!" पंजाबी, बिहारी, बंगाली, मल्याळी, सगळी! नोएडात त्या शाळेत मराठी एवढ्या जोरात कधी बोलली गेली नसेल.

भिंतीला हात लागला. रावत सरांनी घड्याळाकडे बघितलं, परत बघितलं.

"उनतालीस पॉइंट आठ."

हरप्रीतने कपड्यांसकट पाण्यात उडी टाकली. तू काठावर मटकन बसलीस आणि जन्मात पहिल्यांदा पाय पाण्यात सोडलेस, साडीसकट. मिशाळ काका म्हणाले, "बुआजी, आपने तो बच्ची से दो बार करवा लिया!" तू त्यांना म्हणालीस, "इस बार लिखवा दीजिए."

झोनलला आम्ही सहापैकी पाचव्या आलो, हे काही तू विसरली नसशील. आमच्या मागे जी शाळा होती तिच्या एका मुलीचा गॉगल निघाला होता. पण आम्ही चौघी अशा नाचलो की जिंकलेल्या मुली येऊन विचारायला लागल्या, तुमचा कुठला नंबर आला!

आता तक्रार. त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मी विचारलं होतं, "पण आत्या, तू विसरलीसच कशी? तू?" तू म्हणालीस, "सांगेन कधीतरी." आणि मग बसलीस गप्प, जवळजवळ तीस वर्षं! एवढं ताणतात का? मी शाळा संपवली, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. तू मात्र बोलली नाहीस. शेवटी तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मीच पुन्हा धरलं. तू एक शेंग सोललीस, दाणे तोंडात टाकलेस.

"तू हसत होतीस," म्हणालीस.

"कुठे?"

"पाण्यात. श्वास घ्यायला तोंड वळवायचीस ना, तेव्हा. बाकीच्या पाच जणी जीव खाऊन हात मारताहेत, आणि तुझं आपलं हसू. अगं, शर्यतीत कुणी हसतं का? मला वाटलं, बघू तरी पुढच्या श्वासाला हसते का. तर पुन्हा हसलीस. मग गळ्यात घड्याळ आहे हे कुणाच्या लक्षात राहणार!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्यांदा तू मुद्दाम हसायला गेली असतीस. आणि पाणी प्यायली असतीस."

इतकं हसलो आपण की मटाराचं ताट लवंडलं.

शाळेच्या वहीत माझी रागाने पोहलेली वेळ आहे. पहिली वेळ कुठेच नाही. ती बघणारं माणूस एकच होतं, आणि त्याने घड्याळाकडे बघितलं नव्हतं. आत्या, मला आता वाटतं, त्या एका पोहण्याकडे कुणीतरी पूर्ण बघितलं, हे किती बरं झालं!

दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे, मी कॉलेजात असताना तू विचारलं होतंस, "मला येईल का गं या वयात?" तेव्हा तू आत्ता मी आहे तेवढीच होतीस. मी हसले आणि म्हटलं, "साडी नेसून?" तू पुन्हा विचारलं नाहीस. मी हात धरून तुला उथळ टोकाला उतरवायला हवं होतं. एक, दोन, तीन मला म्हणता आलं असतं.

दुसरी गोष्ट. "तू कशाला आलीस" हे मी तुझ्यापाशी कधी मागे घेतलं नाही. रिक्षात नाही, गच्चीवर नाही. आज घेते. उशीर झाला, तुझ्यासारख्या बाईपाशी तर फारच झाला.

मुलगी झाल्यापासून मी पोहलेले नाही. आमच्या सोसायटीचा तलाव दर वर्षी एप्रिलमध्ये उघडतो आणि मी दर वर्षी काहीतरी कारण काढते. या एप्रिलमध्ये नाही काढणार. पहिल्याच रविवारी उतरेन. तोंड वळवलं की हसेन, असं वचन देत नाही, ते ठरवून होत नाही हे तूच सांगितलंस. पण उतरेन. धाप लागली तर भिंतीला धरून थांबेन, आणि दोन फेऱ्यांना किती वेळ लागला ते कुणालाही विचारणार नाही. हे मात्र नक्की.

तुझी,
केतकी