झुंबरबाईंचं इंग्रजी

शिरूर, १४ नोव्हेंबर २०२४

ती. शमुवेलमामांस,

सलाम आणि जयभीम. (दोन्ही लिहिते. एकच लिहिलं तर आईच्या माहेराला किंवा सासराला डावलल्यासारखं वाटतं.) गुडघा कसा आहे? दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? तुमचं पत्र जुलैत आलं, उत्तर आत्ता जातंय, माफ करा. तीनदा लिहून फाडलं, कारण तिन्ही वेळा ‘कामात होते’ असं लिहिलं होतं आणि मी कामात नव्हते. सुचत नव्हतं, एवढंच. आता सुचतंय, कारण हातून एक लबाडी झाली आहे आणि ती सांगण्यासारखं माणूस दौंडातच आहे.

झालं असं की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात क्लारा नावाच्या डच बाई बुद्धावरची पुस्तकं मागायला आल्या. नवरा इथल्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. मी पुस्तकं काढून दिली आणि सहज म्हणाले, मीही बौद्धच. त्यांचे डोळे एवढे मोठे झाले की मला उगाच आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटलं. साधना कोणत्या वयात सुरू केलीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जन्मल्यापासून. (हे खोटं नाही, पण त्यांना जे वाटलं ते खरंही नाही.) मग त्यांनी मला त्यांच्याकडचा बौद्ध धर्म समजावून दिला: तो धर्मच नाही, मनाची शिस्त आहे. त्यात देव नाही, समारंभ नाही, कमिटी नाही, अपराधी वाटणं नाही. हे सगळं ख्रिस्ती धर्मात असतं, म्हणून त्यांनी तो सोडला. मी मान हलवत होते आणि मामा, मला तुमच्या चर्चमधलं शेवटचं बाक आठवत होतं. मामी गेल्यानंतर उपासना संपली की तुम्ही तिथे पाव तास गप्प बसायचात आणि कुणी हाकसुद्धा मारायचं नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. समोरचं माणूस एवढं खूश असलं की मला मध्ये बोलवत नाही.

रविवारी त्यांना आमच्या वस्तीवरचा विहार दाखवायचं ठरलं. त्यांना शांतता हवी होती, म्हणून मी आदल्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष जयसिंगकाका यांना सांगितलं की कर्ण्याची वायर खराब झाली आहे, उद्या तो नको. (हे मात्र सरळसरळ खोटं.) काका जबाबदार माणूस. त्यांनी मांडववाल्याकडून आणखी दोन कर्णे आणवले. वंदना तीन कर्ण्यांतून झाली. क्लाराबाईंनी मला हळूच विचारलं, मौन कधी सुरू होतं? मी म्हटलं, ते आत असतं.

मग सत्कार. पाहुणा आला आणि शाल न पांघरता परत गेला, असं आमच्यात होत नाही. काकांनी शाल दिली, गुलाब दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि संघटना, समित्या आणि सत्कार माणसाला सत्यापासून कसं दूर नेतात यावर दहा मिनिटं कळकळीने बोलल्या. भाषांतर माझ्याकडे होतं. मी सांगितलं की बाईंना इथे येऊन फार आनंद झाला. टाळ्या अशा पडल्या की त्यांचे डोळे भरून आले. आमच्या गावच्या चर्चमध्ये हे विचार कुणी ऐकूनही घेतले नसते, म्हणाल्या.

इथपर्यंत हसून सोडून देता आलं असतं. पण नंतर त्या झुंबरबाईंजवळ जाऊन बसल्या. (झुंबरबाई विहार झाडतात. वय सत्तरीच्या पुढे, आवाज काकांच्या कर्ण्याएवढा.) बुद्धाने तुम्हाला काय दिलं, असा प्रश्न होता. झुंबरबाई म्हणाल्या, “काय दिलं म्हंजी? माझी सासू हिरीवर घागर घिऊन उभी ऱ्हायची, कवा कोण पाणी वाढंल म्हून. मी नळाला मोटार लावलीया. तिला सांग. आन् बुद्धासंगं बाबासायबाचं नाव लिव म्हनावं, न्हाईतर अर्धंच व्हईल.”

मी म्हटलं, त्यांना मनःशांती मिळाली.

झुंबरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “एवढी मी बोलले, आन् तू एवढंच? इंग्रजी लई काटकसरीची दिसती.”

आता ऐका. क्लाराबाईंनी त्यांचा फोटो काढला. तिकडच्या त्यांच्या ध्यानमंडळाची पुस्तिका निघणार आहे, तिच्या पहिल्याच पानावर तो फोटो आणि खाली ‘मला मनःशांती मिळाली’ असं छापणार आहेत. येत्या रविवारी त्या झुंबरबाईंची परवानगी घ्यायला येताहेत. म्हणजे झुंबरबाईंची सासू, घागर, बाबासाहेब, सगळं कायमचं जाणार, आणि ते घालवणारी मी. गेले चार दिवस मला झोप नाही. अपराधी वाटणं आमच्यात नसतं म्हणे. मग मला हे कुठून लागलं? आजोळकडून आलं असेल तर तसं कळवा.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा.

तुमची भाची,
सुमेधा

ता.क. – रविवारी दौंडाहून सकाळच्या एस.टी.ने याल का? क्लाराबाईंना खरं सांगताना तुम्ही नुसते शेजारी बसायचं. तुमच्या मंडळीत पाद्र्यापुढे कबुली द्यायची पद्धत नाही, हे तुम्ही मला आजवर अनेकदा बजावलं आहे. तरी पण या. शिवाय अपराधी भावनेने पिचलेला ख्रिस्ती माणूस त्यांना भेटवायचं मी कबूल करून बसले आहे, आणि ओळखीत तुमच्याइतकं निवांत दुसरं कुणी नाही.

ता.क. २ – पाकीट बंद करण्याआधी पत्र वाचून काढलं. माफी क्लाराबाईंची मागायची, असंच मी सगळीकडे धरून चालले आहे; बोलणं तर झुंबरबाईंचं गेलं. तेव्हा रविवारी आला नाहीत तरी चालेल.

उद्याचं माझं काम: वस्तीवर जाऊन झुंबरबाईंना सांगणे की त्यांचं बोलणं मी बदललं.