स्मिटन म्हणजे पिसं

८ सप्टें.
ह्यांचं दिवसकार्य आटोपलं. पाहुणे गेले. नार्व्याच्या घरात आता मी आणि पल्लवी, दोघीच मायलेकी. पोदेर पाव घेऊन आला, सवयीने ह्यांच्या वाटचे उंडेही घेतले. तसेच राहिले. रडू येत नाही. पल्लवी बघत असते माझ्याकडे.

१० सप्टें.
पेडण्याहून रघुवीरभाऊ आले. ह्यांचे कॉलेजातले सोबती, ह्यांना दीनूच म्हणायचे. आजारी होते, म्हणून कार्याला जमलं नव्हतं. चहा घेताना म्हणाले, "वहिनी, दीनू चोपड्याला मुलगी बघून आला ना, नुसता स्मिटन झालेला! जेवण पण जाईना." मी बरं म्हटलं. शब्द कळला नाही. विचारायची लाज वाटली. कप धुतले.

११ सप्टें.
पल्लवीला विचारलं. डिचोलीला हायस्कुलात इंग्रजी शिकवते ती. म्हणाली, "स्मिटन म्हणजे पिसं लागलेला. मुळात, मार बसलेला. नुसता वापरत नाहीत तसा. पुढे ‘विथ’ लागतं, मग नाव." मग, "बाबा आणि स्मिटन?" हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी नाही.
एवढ्या वर्षांत हे मला म्हणाले असतील ते ‘आमटी बरी झाली’. तेही...

१३ सप्टें.
चोपड्याला आमच्या घरी हे आले ते सुलूताईला बघायला. ती थोरली. मी पोह्यांच्या बशा ठेवून आत गेले. ताई नको म्हणाली. मग निरोप आला, धाकटी चालेल. मला वेगळं बघायला कोणी आलंच नाही.
हे कधी मनात आलं नव्हतं. आज आलं तरी काही वाटत नाही. भात लावला. जेवलो.

१५ सप्टें.
रघुवीरभाऊंना फोन केला. "भाऊ, तो चोपड्याचा शब्द. कोणावर?"
"तुमच्यावरच वहिनी. आणखी कोणावर?"
पण आधी थांबले. रेंज जाते म्हणा तिकडे.

१८ सप्टें.
सुलूताई आलीय राहायला. संध्याकाळी तिने मला मागच्या पायरीवर बसवून केसांना तेल लावलं. विचारीन म्हणत होते. तीच बोलली, "दीनानाथ फार सज्जन गो. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कधी मान वर करून बघितलं नाही."
चांगलं म्हणूनच बोलली ती.
माझी मान खाली गेली. तिचा हात थांबला. "दुखतंय काय गो?"
"नाही," म्हटलं. खरंच, कळत नाही.